पंधरा दिवसांच्या मुदतीत चातुर्मास मावत नाही

नागपूरच्या महाल भागात एका देवळाच्या मागे लाकडी जिना चढून गेलं की आमच्या ग्रंथालयाच्या दोन खोल्या लागतात. पहिलीत देवघेवीचं टेबल आणि सहा कपाटं, दुसरीत पोथ्या आणि बसून वाचणाऱ्यांसाठी सतरंजी. पुस्तकं दोन हजारांच्या आतबाहेर, सगळी अध्यात्माची: संतवाङ्मय, स्तोत्रं, भाष्यं, चरित्रं, थोडी प्रवचनं. संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. वर्गणी नावापुरती, खरेदी देणगीवर. देवघेव मी पाहते, बिनपगारी, बरीच वर्षं झाली.

हे प्रकरण लिहून काढायला कारण झालं ते एकनाथी भागवत आणि २०२४ चा चातुर्मास. आमच्याकडे या ग्रंथाची सार्थ प्रत एकच होती. त्या चार महिन्यांत ती चार घरी गेली आणि चारही घरी अर्धवट राहिली. नवव्या अध्यायाच्या पुढे कुणीच पोचलं नाही. ग्रंथाचे अध्याय ३१ आहेत.

काय घडलं

त्या वर्षी आषाढी १७ जुलैला होती. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस लागला होता, तरी पलीकडच्या वाड्यातल्या काकू भागवत न्यायला आल्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. मी कार्डावर तारीख टाकली आणि सवयीने म्हटलं, "पंधरा दिवस बरं का काकू, एकदा वाढवून मिळेल." ऑगस्टच्या पहिल्या तारखेला त्यांनी मुदत वाढवून घेतली. सोळा तारखेला पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत घेऊन आल्या, कारण मागे दुसऱ्या सभासदाने नाव नोंदवलं होतं.

पुस्तक तपासून घेताना मला आत बेलाचं वाळलेलं पान सापडलं. सातव्या अध्यायात. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगायला लागतो तो भाग, कपोताची गोष्ट जिथे येते तिथे. मी पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "नियम आहे तर आहे बाप्पा. पण कुठे सोडवं लागलं पहा ना. त्या पाखराचं पुढे काय झालं ते वाचूनच राहिले होते."

मी पुस्तक ठेवून घेतलं. पुढच्या सभासदाला दिलं. त्यांनी साहजिकच पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. तीस दिवसांनी तेही परत. मग तिसऱ्या बाई, मग चौथे. १२ नोव्हेंबरला कार्तिकी आली, चातुर्मास संपला, आणि त्या प्रतीची अवस्था अशी होती की पुढची शंभर पानं हाताळून मऊ पडलेली, मागची कोरी करकरीत. देवघेव नोंदवहीत मात्र सगळं उत्तम दिसत होतं: एक पुस्तक, चार वाचक, सगळे वेळेत परत, दंड कुणाला नाही. ती नोंद मी स्वतः केलेली होती आणि वर्षाच्या अहवालात "एकनाथी भागवताला चांगली मागणी" असं वाक्यही मीच लिहिलं होतं. अहवाल वाचून दाखवताना काकू समोर सतरंजीवर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझं मलाच ते वाक्य लागलं.

हिशेब घालून पाहिला

एकनाथी भागवताच्या ओव्या १८,८१०. आषाढी ते कार्तिकी साधारण १२० दिवस धरले तर रोज १५७ ओव्या होतात. अर्थासकट वाचायचं तर रोजचा दीड-दोन तासांचा नेम. पंधरा दिवसांत संपवायचं म्हटलं तर रोज १,२५४ ओव्या. संसार बाजूला ठेवून सप्ताहाला बसल्यासारखं वाचलं तरच ते शक्य आहे. मुदतीचा हा नियम कथा-कादंबऱ्यांच्या वाचनालयांवरून आमच्याकडे आला आणि कुणी तपासून न पाहता तसाच चालू राहिला.

बाकीच्या ग्रंथांचाही हिशेब मग घातला. दासबोध २० दशकांचा, दर दशकात १० समास, म्हणजे २०० समास. रोज दोन समास धरले तर शंभर दिवसांत पूर्ण होतो, चातुर्मासात आरामात बसतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९,०३३, रोज ७५ पुरतात. पण इथे एक अडचण आहे आणि ती वाचणाऱ्यालाच कळते. लोक ओव्यांनी वाटणी करत नाहीत, अध्यायांनी करतात: आठवड्याला एक अध्याय. बाराव्या अध्यायाच्या ओव्या अडीचशेच्या आत आहेत, तेराव्याच्या साडेअकराशेच्या वर, आणि अठराव्याच्या अठराशेच्या घरात. त्यामुळे सतरा अध्याय वेळेवर झालेले सभासद कार्तिकीच्या तोंडावर अठराव्याशी येऊन अडतात. दरवर्षी त्याच आठवड्यात मुदत वाढवून मागायला गर्दी का होते हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. हा हिशेब घातल्यावर कळलं.

त्यात अधिक महिना आला की सगळं पुन्हा बदलतं. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. आषाढी २९ जूनला आणि कार्तिकी २३ नोव्हेंबरला, म्हणजे चातुर्मास जवळजवळ पाच महिन्यांचा. २०२४ मध्ये आषाढी १७ जुलैला गेली, २०२५ मध्ये ६ जुलैला आली. वाचक पंचांगाने चालतो आणि आम्ही खरेदी करत होतो मार्चअखेरच्या हिशेबाने.

मार्चची खरेदी

ट्रस्टच्या खात्यात मार्चमध्ये शिल्लक दिसली की यादी करायची आणि ३१ तारखेच्या आत बिलं लावायची, अशी आमची रीत. २०२४ च्या मार्चमध्येही तसंच झालं. ध्यानावरची, मनःशांतीवरची छोटी पुस्तकं, काही चरित्रं, प्रवचनांचे संग्रह. पुस्तकं चांगली होती, निवड मीच केली होती. ती एप्रिलमध्ये "नवीन दाखल" या फळीवर लागली आणि बरीचशी तिथेच राहिली.

त्या पुस्तकांना मी नावं ठेवणार नाही. त्यांचाही वाचक आहे आणि त्याचाही हंगाम आहे. मे महिन्यात माहेरी आलेल्या मुली, सुट्टीला आलेली नातवंडं, पाहुणे दुपारचं ऊन टाळून संध्याकाळी येतात आणि दोन दिवसांत संपणारं पुस्तक मागतात. त्यांना हीच पुस्तकं लागतात. चूक एवढीच की सगळे पैसे आम्ही त्या एका हंगामावर घातले आणि चातुर्मासाला तिजोरी रिकामी.

आणखी एक गोष्ट, फक्त नागपूरकरांनाच नीट समजेल अशी. मार्चमध्ये आलेली पुस्तकं आमच्याकडचा मे महिना काढतात. पारा ४५ च्या वर जातो. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या जाड पुस्तकाचा कणा त्या उन्हाळ्यात वाळून कडक होतो आणि आषाढात कुणी ते पाटावर सपाट उघडलं की मधोमध कडकन तुटतो. शिवाय खोलीत कूलर. आम्ही तो वर्षानुवर्षं खिडकीत, पोथ्यांच्या कपाटाच्या समोर लावत होतो. ओली हवा दिवसभर कपाटावर. पानांच्या कडा लाटांसारख्या वर आलेल्या होत्या, खालच्या फळीवर कसरही सापडली. २०२५ मध्ये कूलर पहिल्या खोलीत हलवला. पोथ्यांच्या खोलीत आता फक्त पंखा असतो आणि कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या. बसणाऱ्यांना उकडतं, पण कुणी तक्रार केली नाही.

बैठक

फेब्रुवारी २०२५ च्या बैठकीत मी म्हटलं की या वर्षी निम्म्याहून जास्त पैसे नव्या नावांवर न घालता असलेल्याच ग्रंथांच्या जास्तीच्या प्रतींवर घालू. चिटणीसकाकांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, देणगीदार विचारतात यंदा नवीन काय आणलं, त्यांना पुन्हा ज्ञानेश्वरी आणि दासबोधच दाखवायचे का? प्रश्न योग्य होता. देणगीदारांच्या विश्वासावरच आमचा जिना उभा आहे.

मी दाखल नोंदवही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. दाखल क्रमांक पुस्तकाच्या नावाला मिळत नाही, प्रतीला मिळतो. दहा प्रती आल्या तर दहा क्रमांक. नोंदवहीच्या लेखी ती दहाही नवीनच. आणि आमच्या वाचकाच्या लेखीही तसंच आहे. जो माणूस चाळीस वर्षं ज्ञानेश्वरी वाचत आलाय त्याला नवं पुस्तक म्हणजे बऱ्याचदा तीच ज्ञानेश्वरी, पण डोळ्यांना झेपेल अशा टाइपात, मांडीवर पेलेल अशा वजनाची, अर्थ ओवीच्या खालीच दिलेली. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. त्यातला दुसरा असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. आम्ही सभासदांना पुस्तक देत होतो, पण ते त्यांचं होण्याआधीच परत मागत होतो.

चिटणीसकाका थोडा वेळ नोंदवही चाळत राहिले. मग म्हणाले, "भागवताच्या किती हव्या?"

प्रती कशा निवडल्या

हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. यादीवरून मागवणं बंद केलं. नमुन्याच्या प्रती आणल्या आणि दोन ज्येष्ठ सभासदांना संध्याकाळी साडेसहाला, ट्यूबलाइटखाली, मोठ्याने वाचायला बसवलं. सकाळच्या उजेडात कुठलाही टाइप चांगला दिसतो. आमचे वाचक दिवेलागणीनंतर वाचतात. ज्या प्रतीवर आजोबा ओवीच्या चौथ्या चरणाशी अडखळले ती बाजूला ठेवली. जोडाक्षरं भरलेली असली, "ज्ञ" आणि "क्ष" यांचे पोकळ भाग शाईने बुजलेले असले की डोळा तिथे थांबतो, लय मोडते. एक प्रत छपाईला सुंदर होती पण कागद इतका चकचकीत की दिव्याचा कवडसा थेट पानावर. तीही गेली.

मग पुस्तक मधोमध उघडून पाटावर ठेवायचं. हाताने न दाबता ते उघडं राहिलं पाहिजे. दोऱ्याने शिवलेलं असेल तर राहतं. शेवटी भागवताच्या तीन, सार्थ ज्ञानेश्वरीच्या दोन आणि मोठ्या टाइपातल्या दासबोधाच्या दोन प्रती घेतल्या. भागवताची जुनी प्रत इतवारीतल्या बाइंडरकडून पुन्हा शिवून आणली. मागणी वैशाखातच पाठवली, त्यामुळे पुस्तकं मेच्या उन्हात पडून राहिली नाहीत, मृगाच्या सुमारास आली.

मुदतीचा नियमही बदलला. आषाढीला नेलेला एक ग्रंथ कार्तिकीनंतर आठ दिवसांपर्यंत ठेवता येईल. अनामत थोडी जास्त, दंड नाही. हे आठ दिवस ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायासाठी ठेवले. याच वेळी टेबलावर एक साधी दोनशे पानी वही ठेवली. कुणाला "नाही" म्हणावं लागलं की काय मागितलं होतं ते त्यात लिहायचं. देवघेव नोंदवही दिलेलं सांगते. न दिलेलं लिहायला आमच्याकडे जागाच नव्हती.

त्या वहीतली एक नोंद

वहीतल्या पहिल्या काही नोंदींपैकी एक २०२५ च्या जुलैमधली आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा मुलगा वर आला. यापूर्वी कधी आला नव्हता. दारातूनच म्हणाला, "ताई, तुमच्याकडे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' भेटंल का? आईले वाचून दाखवाचा आहे."

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बौद्धांचा वर्षावास असतो आणि नागपुरात त्या तीन महिन्यांत विहाराविहारांत या ग्रंथाचं वाचन होतं. त्याच्या वस्तीतल्या विहारातही चालू होतं. पण आईचे गुडघे गेलेले, जिना उतरवत नाही, आणि विहारातली प्रत तिथेच लागते. डॉ. आंबेडकरांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला, मराठीत आला त्यालाही काळ लोटला. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा झाली त्या शहरातल्या अध्यात्माच्या ग्रंथालयात तो नव्हता. दीक्षाभूमी आमच्यापासून रिक्षाने जाण्याइतकी जवळ आहे. मी "नाही" म्हटलं आणि वहीत लिहिलं. लिहिताना अक्षर नीट येईना.

बैठकीची वाट न पाहता अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, उद्याच आणा, दोन आणा. चार दिवसांत प्रत त्याच्या हातात होती. तो रात्री साडेनऊला दुकान बंद करून घरी गेला की आईला वाचून दाखवायचा. मोठ्याने वाचायला ग्रंथ सोपा पडतो, कारण आत लहान लहान क्रमांकित परिच्छेद आहेत, कुठे थांबायचं आणि उद्या कुठून उचलायचं ते आकड्यावरून कळतं. चातुर्मासाचीच मुदत त्यालाही दिली. आश्विन पौर्णिमेनंतर प्रत परत आली, कव्हरला वर्तमानपत्राचं वेष्टन घातलेलं. आता तो सभासद आहे आणि ग्रामगीतेबद्दल विचारून गेला आहे.

जे चुकलं

श्रीगजाननविजय ग्रंथाच्या जास्त प्रती घेतल्या, त्या वाया गेल्यासारख्याच आहेत. माझा तर्क असा की विदर्भात सगळ्यात जास्त वाचली जाणारी पोथी तीच, तर मागणीही तिलाच. पण २१ अध्यायांची ती पोथी आमच्याकडे घराघरात देव्हाऱ्यापाशी असते. प्रकटदिनाला किंवा ऋषिपंचमीला पारायण करणारा माणूस ग्रंथालयात कशाला येईल? सर्वांत जास्त वाचलेलं पुस्तक आणि सर्वांत जास्त नेलेलं पुस्तक वेगवेगळी असतात, हे कपाटात पडून असलेल्या प्रती पाहून शिकले.

गुरुचरित्राचंही थोडं तसंच. दत्तजयंतीच्या आधीच्या सात दिवसांत सगळ्यांना एकदमच हवं असतं, आणि सोवळं पाळणाऱ्यांना दहा हातांतून फिरलेली प्रत चालत नाही. तिथे जास्त प्रती घेऊन उपयोग नाही. २०२५ ची दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. नोव्हेंबरच्या मध्यालाच आम्ही सभासदांकडून आगाऊ मागणी घेतली आणि पोथ्या खरेदीच्या भावात आणून दिल्या. ज्याची त्याची स्वतःची पोथी झाली.

दोन खंडांतल्या ग्रंथांचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. एका आजींनी पहिला खंड परत केला आणि दुसरा घेऊन गेल्या, तोवर दुसऱ्या कुणी पहिला नेला होता. आजींना मागचं काही पडताळायचं होतं, त्या दोनदा जिना चढून आल्या आणि दोनदा मी "नाही" लिहिलं.

कार्तिकीनंतर

२०२५ चा चातुर्मास ६ जुलै ते २ नोव्हेंबर. भागवताच्या चार प्रती चार घरी होत्या. दोघांचं कार्तिकीला पूर्ण झालं, एकांचं त्रिपुरी पौर्णिमेनंतर, एक जण घरच्या आजारपणामुळे अर्ध्यावर थांबले. त्यांची प्रत मी मागितलेली नाही.

काकूंनी पूर्ण केलं. परत करायला आल्या तेव्हा जरा संकोचून म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंच्या पोथीत शेवटच्या पानावर समाप्तीची तिथी लिहीत असत. इथे चालत नसेल ना?" पुस्तकात लिहू नये हा आमचा सगळ्यात जुना नियम. पण मला देणगीत आलेल्या पोथ्या आठवल्या. घरातले वडीलधारे गेले की मुलं गाठोडं आणून देतात आणि त्यांत शेवटच्या पानावर पेन्सिलीने शकाच्या उतरंडी असतात, काही ठिकाणी मध्ये एखादं वर्ष सुटलेलं. आमचे छापील लेबल आम्ही नेमके त्यावरच चिकटवत आलो होतो. मी चारही प्रतींच्या शेवटी एकेक कोरा जाड कागद डकवला. काकूंनी शाईच्या पेनाने लिहिलं: कार्तिक शुद्ध एकादशी, शके १९४७. नाव घातलं नाही.

आता २०२६ ची तयारी. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. ऐन उन्हाळा, शाळांना सुट्ट्या, आणि त्याच महिन्यात पुरुषोत्तम मासाच्या माहात्म्याची मागणी येणार. आषाढी त्यामुळे २५ जुलैला गेली आहे. म्हणजे वैशाखात मागणी पाठवून चालणार नाही, पहिली फेब्रुवारीतच पाठवावी लागेल आणि चातुर्मासाची दुसरी जूनमध्ये. पैसे दोन भागांत ठेवायचे की नाही यावर पुढच्या रविवारी बैठक आहे. "नाही" च्या वहीची त्रेचाळीस पानं भरली आहेत, ती मी बैठकीला घेऊन जाणार आहे.